गिर्यारोहण मोहिमेचे विनोदी विडंबन : नाशिकच्या नवोदित लेखकांसाठी

नाशिक जिल्ह्यात डोंगरांना तोटा नाही आणि डोंगरांविषयी लिहिणाऱ्यांचीही वाण नाही. त्र्यंबक रांग, सातमाळा, सेलबारी-डोलबारी अशा रांगा हाताशी असल्यामुळे रविवारी एखादा किल्ला करायचा आणि आठवडाभरात त्याचा वृत्तांत लिहायचा, ही सवय येथे अनेकांच्या अंगवळणी पडली आहे. या वृत्तांतलेखनाला लागूनच विनोदी साहित्याचे एक लहानसे दालन आहे. त्यात एखाद्या प्रचंड मोहिमेची सारी यंत्रणा किरकोळ चढाईला जुंपली जाते आणि मोहिमेचा अहवाललेखक तिची हकिगत अत्यंत गांभीर्याने सादर करतो. इंग्रजीत या प्रकाराचा ठळक नमुना म्हणून डब्ल्यू. ई. बोमन यांच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द असेंट ऑफ रम डूडल’ या कादंबरीचे नाव घेतले जाते. मराठीत या प्रकाराला मोठा वाव आहे, असे माझे मत आहे, कारण गांभीर्याने अहवाल लिहिण्याची कला आपल्याकडे सभा, मंडळे आणि संस्था यांच्या निमित्ताने घरोघरी पोहोचलेली आहे.

या प्रकारातला विनोद प्रमाणातून निर्माण होतो. तयारी सहा महिन्यांची असते आणि चढण अर्ध्या तासाची. त्यामुळे लेखकाला दोन गोष्टी नेमक्या ठाऊक असाव्या लागतात : खरी मोहीम कशी चालते, आणि आपण निवडलेला डोंगर प्रत्यक्षात कसा आहे. यांपैकी एक बाजू जरी कच्ची राहिली तरी वाचकाच्या हाती नुसता आचरटपणा लागतो. पुढच्या साऱ्या सूचनांच्या मुळाशी हाच एक मुद्दा आहे.

आधी खरे अहवाल वाचावेत

सुरुवातीचे काही आठवडे लेखन बाजूला ठेवून खऱ्या मोहिमांचे वृत्तांत वाचावेत. सार्वजनिक वाचनालयासारखी १८४० पासून चालत आलेली संस्था ज्या शहरात आहे, तेथे वाचनाची ही पायरी टाळण्यास सबब उरत नाही. वाचताना साहसाच्या ओघात वाहून न जाता सांगाड्याकडे लक्ष द्यावे. बहुतेक जुन्या अहवालांचा क्रम ठरलेला असतो. प्रास्ताविक, आभार, सदस्यांची निवड, परवानगीसाठीचा पत्रव्यवहार, सामानाची बांधाबांध, पायथ्यापर्यंतची दीर्घ वाटचाल, तळछावणी, तिच्यावर क्रमांकाने चढत जाणाऱ्या छावण्या, बिघडलेले हवामान, आजारपणे, निर्णायक चढाई, परतीचा प्रवास, आणि शेवटी शिधा, औषधे व खर्च यांची परिशिष्टे. हा क्रम वहीत उतरवून घ्यावा. आपल्या कथेची प्रकरणे तेथेच तयार झालेली असतात.

सांगाड्याबरोबर आकडेही टिपावेत. १९५३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत चारशेहून अधिक माणसे होती. त्यांत ३६२ हमाल आणि २० शेर्पा होते, आणि सामानाचे वजन १०,००० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार टन होते. एवढ्या पसाऱ्यातून २९ मे रोजी माथ्यावर पोहोचली ती दोन माणसे, तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी. खाली चारशे आणि वर दोन, हे गुणोत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. आपली कथा त्याच्याच आधाराने उभी राहणार आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या अवाढव्यपणावर आक्षेप घेणाऱ्यांत स्वतः गिर्यारोहकच पुढे होते. एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोघे लहान, सुटसुटीत तुकड्यांचे पुरस्कर्ते होते, आणि ज्या मोहिमेचे नियोजन पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर मावत नाही ती मोहीम प्रमाणाबाहेर मोठी समजावी, अशी त्यांची धारणा सांगितली जाते. विडंबनकार हीच घरातली टीका पुढे नेत असतो. त्यामुळे गिर्यारोहणाविषयी मनात तुच्छता असेल त्याने या वाटेला जाऊ नये. त्याचा कोरडेपणा दुसऱ्या पानावरच वाचकाला जाणवतो.

डोंगर निवडावा, आणि तो चढून पाहावा

पहिल्या कथेसाठी पांडवलेणी, म्हणजे त्रिरश्मी डोंगर, माझ्या मते सर्वांत योग्य आहे. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून असलेला हा डोंगर प्रत्येक नाशिककराने पाहिलेला आहे. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे, वर चोवीस लेण्यांचा समूह आहे, आणि तेथपर्यंत पायऱ्या आहेत. सकाळी फिरायला येणारी वयस्कर मंडळी या पायऱ्या सहज चढतात. मोहिमेला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी हवा असेल तर याहून चांगला मिळणार नाही. लेणी पाहण्यासाठी पुरातत्त्व खात्याचे तिकीट घ्यावे लागते, ही बाबही उपयोगी आहे. १९२१ च्या पहिल्या ब्रिटिश एव्हरेस्ट पाहणी मोहिमेला तिबेटात प्रवेश मिळावा म्हणून दलाई लामांची परवानगी मिळवावी लागली होती. परवानगीचे एक संपूर्ण प्रकरण तिकीट खिडकीवरच्या सुट्या पैशांच्या प्रश्नावर उभे करता येते. लेण्यांतील शिलालेखांत दानांच्या तपशीलवार नोंदी आहेत. मोहिमेच्या वर्गणीदारांची यादी त्या धर्तीवर तयार करण्याचा मोह आपल्या अहवाललेखकाला आवरणार नाही, आणि आपण तो आवरूही देऊ नये.

दीर्घ कथेसाठी कळसूबाई घ्यावे. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, घोटीमार्गे बारी गावापर्यंत जाणारा रस्ता, वाटेतल्या लोखंडी शिड्या, माथ्यावरचे देवीचे मंदिर, एवढ्या सामग्रीवर दहा प्रकरणे सहज होतात. एव्हरेस्टची २०२० मध्ये जाहीर झालेली उंची ८८४८.८६ मीटर आहे, म्हणजे कळसूबाईच्या पाचपटींहून अधिक. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक-तृतीयांश असतो, तर कळसूबाईवर तो चार-पंचमांशांहून जास्तच राहतो. प्राणवायूचे नळकांडे पाठीवर घेऊन बारीतून निघालेला सदस्य का हसू आणतो, हे या एका तुलनेतून कळते. आणि लेखकाला ते आकड्यांनिशी माहीत असले की त्या नळकांड्याविषयी तो अधिक आत्मविश्वासाने गंभीर राहू शकतो.

आपल्या जिल्ह्याचे आणखी एक वैशिष्ट्य कथाकाराच्या कामाचे आहे, ते म्हणजे जोडडोंगर. मनमाडजवळ अंकाई-टंकाई, बागलाणात मांगी-तुंगी, सातमाळ्यात रवळ्या-जवळ्या आणि कांचन-मंचन. मोहिमेची एक तुकडी एका माथ्यावर आणि दुसरी शेजारच्या माथ्यावर पोहोचते, दोन्ही तुकड्या ध्वज फडकवून एकमेकींना परत फिरण्याच्या खुणा करतात, आणि अहवाललेखक दोन्ही विजय स्वतंत्र क्रमांकाने नोंदवतो, अशी रचना या भूगोलात आपसूक उभी राहते.

काही डोंगर मात्र नवोदिताने टाळावेत. अलंग-मदन-कुलंग येथे खरोखरच दोर लावून चढावे लागते. हरिहरच्या एका कड्याला ‘स्कॉटिश कडा’ म्हणतात, कारण १९८६ मध्ये डग स्कॉट या नामांकित ब्रिटिश गिर्यारोहकाने तो सर केला. जेथे चढाईच अवघड आहे तेथे तयारीचा पसारा समर्पक ठरतो, प्रमाण बिघडत नाही, आणि मग विनोदाला जागाच उरत नाही.

डोंगर ठरला की तो वही घेऊन चढावा. पायऱ्या कोठे वळतात, सावली कोठे संपते, महामार्गावरचा आवाज कोठवर ऐकू येतो, सरबताची टपरी कोणत्या वळणावर आहे, माणसे कोठे थांबून पाणी पितात, हे सारे टिपावे. डोंगराची भाषाही नीट वापरावी. सोंड, पदर, खिंड, नाळ, घसारा, कातळटप्पा, माची, पाण्याचे टाके हे आपल्याकडचे रोजचे शब्द आहेत. त्यांच्या शेजारी बेस कॅम्प, रोप, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), कॅरॅबिनर (दोर अडकवायची कडी), बिले (चढणाऱ्याला दोराने दिलेला आधार) हे गिर्यारोहकांच्या तोंडी रुळलेले शब्द आले की अहवाल खरा वाटू लागतो. ‘घसाऱ्यावर बिले देऊन सदस्यांना एकेक करून उतरवण्यात आले’ हे वाक्य पार्किंगच्या उतारावर घडत असले तरी त्यातील प्रत्येक शब्द आपल्या जागी बरोबर असला पाहिजे.

निवेदक ठरवावा

या प्रकारात सर्वांत जास्त विचार निवेदकावर खर्च करावा. आपण काही हास्यास्पद सांगत आहोत, याची त्याला तीळमात्र कल्पना असता कामा नये. तो निष्ठावान असतो, नेत्यावर त्याची श्रद्धा असते, आणि प्रत्येक फजितीत त्याला संघभावनेचे दर्शन घडते. वाचक त्याच्या खांद्यावरून पाहत असतो आणि त्याला न दिसलेले सारे वाचकाला दिसते. निवेदक एकदा जरी हसला तरी वाचकाचे काम त्याने काढून घेतल्यासारखे होते.

मराठीत अशा निवेदकासाठी तीन तयार आवाज आहेत. पहिला इतिवृत्ताचा : ‘विषय क्रमांक चार, सर्वानुमते मंजूर, सूचक व अनुमोदक’ या चालीचा. दुसरा बखरीचा, ज्यात खाशा स्वाऱ्या कूच करतात, डेरे पडतात आणि गडाखाली मसलती होतात. तिसरा जिल्हावार्तांच्या पानाचा : ‘यावेळी मान्यवर मोठ्या संख्येने उपस्थित होते.’ तिन्ही आवाज उत्तम आहेत, पण कथेत एकच घ्यावा. नवोदिताने इतिवृत्तापासून सुरुवात करावी, कारण तो आवाज आपण सर्वांनी कोठल्या ना कोठल्या सभेत बसून ऐकलेला असतो. बखरीची भाषा कानाला गोड लागते, परंतु ती दोन पानांपलीकडे नेमकेपणाने पेलणे कठीण जाते आणि मग ती केवळ जुन्या शब्दांची आरास होऊन बसते.

समजा, इंदिरानगरातील एका गृहनिर्माण सोसायटीने रौप्यमहोत्सवानिमित्त त्रिरश्मी मोहीम काढली आहे. अध्यक्ष हे मोहीमप्रमुख, सचिव हे अहवाललेखक, खजिनदार हे शिधाप्रमुख. पदे आधीच वाटलेली असल्यामुळे सदस्यांच्या निवडीचे प्रकरण आपोआप चुरशीचे होते. येथे संबोधनांचा उपयोग करून घ्यावा. अहवालात जे ‘माननीय अध्यक्ष’ असतात, त्यांना छावणीत सगळे ‘अण्णा’ म्हणतात. तेही सचिवांना चारचौघांत ‘सचिवसाहेब’ आणि दम लागल्यावर ‘अरे बाळ्या’ म्हणतात. अहवालाची औपचारिकता आणि तोंडची भाषा यांच्यातील ही दरी प्रत्येक संवादात थोडीथोडी उघडी ठेवली की वेगळा विनोद शोधावा लागत नाही.

सदस्य मोजकेच असावेत

पाच ते सहा सदस्य पुरे. त्याहून अधिक झाले की वाचकाला कोण कोण आहे हे लक्षात ठेवण्याचेच काम होते. प्रत्येकाला एक जबाबदारी द्यावी आणि त्या जबाबदारीच्या आड येणारा एक स्वभावविशेष द्यावा. बोमन यांच्या कादंबरीत वाट दाखवणारा सदस्य स्वतः सतत हरवतो आणि डॉक्टर सदैव आजारी असतो. तत्त्व घ्यावे, माणसे उचलू नयेत. आपली माणसे आपल्या गल्लीतूनच यावीत.

उदाहरणार्थ, उपनेते असे असावेत की सगळ्या नाशिकशी त्यांची ओळख आहे. त्यांच्यावर वेग राखण्याची जबाबदारी दिली तर प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी भेटतो, चौकशी होते, चहा ठरतो, आणि दुसरी छावणी त्या गप्पांच्या जागीच उभारावी लागते. खजिनदार व्हाउचरवर सही झाल्याशिवाय चिवड्याचा पुडा फोडू देत नाहीत. हवामानतज्ज्ञ हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ असून त्यांचे अंदाज आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर आधारलेले आहेत. मे महिन्यात, नाशिकचे तापमान चाळीस अंशांच्या घरात असताना, हिमदंशावरील मलमाचा साठा त्यांच्याच आग्रहावरून बरोबर घेतला आहे. या सर्वांत एखादी व्यक्ती पूर्ण सक्षम ठेवावी. मोहिमेत डबे पोहोचवण्यासाठी म्हणून घेतलेल्या वहिनी दररोज वरपर्यंत जाऊन येतात, आणि अहवाललेखक त्याची नोंद ‘रसदव्यवस्था’ या शीर्षकाखाली करतो. कोणालाही न समजलेले यश अहवालातच लपलेले असणे, ही या प्रकारातली फार सुंदर जागा आहे.

एक परिच्छेद, दोन खर्डे

सूचना पुरेशा झाल्या. आता प्रत्यक्ष लेखन पाहावे. नवोदिताचा पहिला खर्डा साधारणपणे असा उतरतो :

‘आमचे अण्णा म्हणजे एक वल्लीच! चार पायऱ्या चढतात न चढतात तोच त्यांची अशी काही भंबेरी उडाली की विचारू नका. “हा डोंगर आहे की माझ्या पेन्शनची फाइल, पुढे सरकतच नाही!” असे ते म्हणाले आणि आमची हसून हसून पुरेवाट झाली.’

हा परिच्छेद विनोदी असल्याचे स्वतःच जाहीर करतो. अण्णा वल्ली आहेत हे सांगितले, पण दाखवले नाही. त्यांनी केलेली कोटी कोणत्याही डोंगरावर आणि कोणत्याही सहलीत चालली असती. मोहीम तर कोठेच नाही. आता हाच प्रसंग सचिवांच्या लेखणीतून :

‘सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माननीय अध्यक्षांनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवले. हवामान स्वच्छ होते. सहा वाजून बावीस मिनिटांनी, पाठीशी कातळ आणि समोर राष्ट्रीय महामार्गाचे विस्तीर्ण दृश्य असलेल्या एका सुरक्षित वळणावर पहिली छावणी उभारण्याचा निर्णय सर्वानुमते घेण्यात आला. तंबूचे दोर ताणण्याचे काम चालू असताना एक आजी त्या दोरांवरून जपून पाय टाकत वर गेल्या. त्यांच्याजवळ प्राणवायू नव्हता. स्टोव्ह पेटण्यापूर्वी त्या परतल्या व “बसा बसा, दम खा” असे अध्यक्षांना उद्देशून म्हणाल्या, अशी नोंद मोहिमेच्या दैनंदिनीत आहे. त्यानंतर हवामान चढाईस प्रतिकूल झाल्याचे डॉक्टरांनी जाहीर केले.’

दुसऱ्या खर्ड्यात एकही कोटी नाही. वेळा मिनिटांपर्यंत दिल्या आहेत, कारण खरे अहवाल तशाच दिलेल्या वेळांनी भरलेले असतात. आणि बारा मिनिटांच्या चढाईनंतर छावणी पडली, हे वाचकाने स्वतः वजाबाकी करून शोधायचे आहे. ‘निर्णय घेण्यात आला’ या कर्मणी रचनेमुळे निर्णय कोणी व का घेतला, हे झाकले जाते आणि त्यामुळेच ते स्पष्ट दिसते. लांब वाक्यानंतर आलेले ‘त्यांच्याजवळ प्राणवायू नव्हता’ हे तीन शब्दांचे वाक्य निवेदकाचा खरा अचंबा आहे. तेथे उद्गारचिन्ह घातले असते तर त्याचा सारा परिणाम गेला असता. शेवटच्या वाक्यात हवामानाचा निर्वाळा डॉक्टर देतात, आणि आरंभी स्वच्छ असलेले आकाश कशामुळे प्रतिकूल झाले, हे आजींच्या वाक्याशेजारी ठेवल्याने कळते. खर्डा तपासताना उद्गारचिन्हे, ‘गंमत म्हणजे’, ‘विचारू नका’ आणि कोट्या हे सारे आधी काढून टाकावे आणि मग काय उरते ते पाहावे. जे उरते तेवढीच आपली कथा असते.

संकटे खऱ्या मोहिमांतून घ्यावीत

मधल्या प्रकरणांसाठी कल्पनाशक्ती ताणण्याची गरज नाही, कारण मोहिमांच्या इतिहासात पुरेसे प्रसंग आहेत. १९५० च्या फ्रेंच अन्नपूर्णा मोहिमेला हाती असलेल्या नकाशांतील चुकांमुळे आधी डोंगराकडे जाणारी वाटच कित्येक आठवडे शोधत बसावे लागले होते. त्यानंतर ३ जून रोजी मॉरिस एरझोग आणि लुई लाशेनाल अन्नपूर्णेवर पोहोचले. आपल्या मोहिमेला महामार्गावरच्या उड्डाणपुलाखालून योग्य बाजूला बाहेर पडण्यात दोन दिवस गेले, तर त्यामागे एक थोर परंपरा उभी असते.

१९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायू वापरणे खिलाडूवृत्तीला धरून आहे की नाही, यावर वाद होता. जॉर्ज फिंच प्राणवायूच्या बाजूने ठाम होते आणि त्याच्या आधारे ते त्या काळापर्यंत कोणीही गाठली नव्हती एवढ्या उंचीवर गेले. हाच वाद त्रिरश्मी मोहिमेत पायथ्यापर्यंत रिक्षाने जाण्याविषयी व्हावा. दोन गट पडावेत, ठराव यावा, उपसूचना यावी, आणि शेवटी मीटरने जायचे की ठरवून, या मुद्द्यावर सभा तहकूब व्हावी. १९२४ च्या मोहिमेच्या शिध्यात लावे पक्ष्याच्या मांसाचे डबे आणि शॅम्पेन होती, हे समजल्यावर आपल्या मोहिमेतील चिवडा, द्राक्षांची पेटी आणि तर्री वेगळी बांधलेली मिसळ यांचा वजनांसह तक्ता मांडायला संकोच वाटणार नाही.

सर्वांत समृद्ध प्रसंग मात्र १९५३ चा आहे. मोहिमेबरोबर असलेले ‘टाइम्स’चे वार्ताहर जेम्स मॉरिस यांनी शिखर सर झाल्याची बातमी दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये म्हणून सांकेतिक भाषेत पाठवली. वरवर पाहता त्या निरोपात बर्फाची स्थिती वाईट असल्याचे आणि पुढची तळछावणी सोडल्याचे म्हटले होते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एव्हरेस्ट सर झाले आणि हिलरी व तेनसिंग माथ्यावर पोहोचले, असा होता. ती बातमी २ जूनला, राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, लंडनमध्ये छापून आली. आता आपल्या मोहिमेने विजयासाठी ‘दूध नासले’ हा सांकेतिक निरोप ठरवला आहे असे समजा. अध्यक्ष माथ्यावर पोहोचतात, सचिव थरथरत्या बोटांनी दोन शब्द घरी पाठवतात, आणि अर्ध्या तासात धाकटा मुलगा अर्धा लिटरची पिशवी घेऊन स्कूटरवरून पायथ्याशी हजर होतो. अहवालात याची नोंद ‘तातडीची मदत’ अशी होईल.

प्रसंग असे घेताना मूळ घटना वाचकाला माहीत असलीच पाहिजे, असे धरून चालू नये. दुधाची पिशवी मॉरिस यांचे नाव न ऐकलेल्यालाही हसवते. ज्याला मूळ प्रसंग ठाऊक आहे त्याला त्यात आणखी एक पदर सापडतो.

कशाला हात लावू नये

मृत्यू आणि अपघात यांवर विनोद करू नये. १९२२ च्याच मोहिमेत हिमस्खलनाखाली सात हमाल दगावले; १९२४ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्याकडे निघालेले मॅलरी आणि आयर्विन परतले नाहीत. आपल्या सह्याद्रीतही कड्यावरून पडण्याच्या घटना घडतात, आणि मध्यरात्री दोर घेऊन धावून जाणारी माणसे याच जिल्ह्यातली असतात. विडंबनातले संकट कितीही वाढवले तरी त्यात कोणाच्या जिवाला धोका नसावा; म्हणूनच पायऱ्यांचा, टपऱ्यांचा आणि वर्दळीचा डोंगर सुचवला आहे. ज्याचे अनुकरण कोणी तरुण उत्साहाच्या भरात करू शकेल, असे कृत्य गंमत म्हणून लिहू नये. पावसाळ्यात हरिहरच्या कोरीव पायऱ्यांवर उलटे चालण्याची शर्यत ही कल्पना कागदावर कितीही आकर्षक वाटली तरी टाळावी.

दुसरी मर्यादा माणसांची आहे. जुन्या मोहिमांच्या वृत्तांतांत हमाल आणि शेर्पा यांच्याविषयी जी तुसडी, पालकासारखी भाषा येते, तिची टर उडवावी. त्या माणसांची नव्हे. बारीचा गावकरी, डोंगरावर सरबत विकणारी मावशी, गुरे घेऊन सोंडेवरून उतरणारा मुलगा ही या कथेतील जाणती माणसे आहेत. त्यांची बोली हास्यासाठी वाकडी करून लिहू नये. ती जशी बोलतात तशी थोडक्यात लिहावी. सचिवांच्या पल्लेदार वाक्याशेजारी ‘वाट इकडून हाय’ एवढे तीन शब्द पुरेसे असतात.

तिसरी मर्यादा श्रद्धास्थानांची. कळसूबाईच्या माथ्यावर देवी आहे, त्रिरश्मीवर बौद्ध लेणी आहेत, मांगी-तुंगी हे जैन तीर्थ आहे. तेनसिंग यांनीही एव्हरेस्टच्या माथ्यावर खाऊ ठेवून डोंगराला नैवेद्य दाखवला होता. त्यामुळे माथ्यावर पोहोचल्यावर मोहिमेचा सारा बडेजाव क्षणभर थांबला आणि अण्णांनी चपला काढून हात जोडले, तर कथेचा तोल बिघडत नाही. खाली उतरताना चपलांच्या जबाबदारीवरून वाद सुरू करता येतो.

परिशिष्टे आणि शेवटचा हात

परिशिष्टे जोडण्यास विसरू नये. दोन पुरेत, आणि ती कथेइतक्याच काळजीने लिहावीत. माझी पसंती जमाखर्चाला आहे, कारण त्यात कथेत न सांगितलेल्या घटना सांगता येतात : ‘रिक्षाभाडे (एकेरी, वादग्रस्त)’, ‘तंबूचे भाडे, चार दिवस, तंबू हरवल्याबद्दल, एक’, ‘आजींसाठी चहा, तीन वेळा’. आजी तीनदा भेटल्या आणि शेवटी मोहिमेनेच त्यांना चहा पाजला, हे कथेत कोठेही नसते. वाचक ते हिशेबातून जुळवतो. हिशेबतपासनिसांचा शेरा असेल तर तो एका ओळीचा असावा.

लांबी अडीच ते तीन हजार शब्दांत ठेवावी. हा आवाज फार लांबला की एकसुरी होतो, आणि मधल्या छावण्यांपैकी एखादी गाळल्याने कथेचे सहसा नुकसान होत नाही. खर्डा पूर्ण झाल्यावर आठवडाभर बाजूला ठेवून मग तो मोठ्याने वाचावा, शक्यतो अशा दोघांसमोर की ज्यांतील एक जण डोंगर चढतो आणि दुसऱ्याला डोंगराशी काही देणेघेणे नाही. पहिला तपशिलाच्या चुका सांगेल : ही शिडी उजवीकडे आहे, हे टाके पावसाळ्यानंतरच भरलेले असते. दुसरा कोठे कंटाळला ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेल. चढणाऱ्याला हसू आले नाही तर मोहिमेचा भाग कच्चा राहिला आहे, आणि दुसऱ्याला आले नाही तर माणसांचा, असे समजून त्या त्या प्रकरणाकडे परतावे.

दिवाळी अंकासाठी पाठवायचे असल्यास पावसाळ्यातच तयारी ठेवावी, कारण अंकांचे काम तेव्हाच सुरू होते. सोबतच्या पत्रात कथा विनोदी असल्याचे लिहू नये. मोहिमेचे नाव, डोंगराची उंची आणि पानांची संख्या एवढेच कळवावे, आणि जमाखर्चाचे परिशिष्ट वेगळ्या पानावर टाचून जोडावे.